गॅसच असणार!

विरार लोकलमध्ये ज्याला गॅसचा त्रास नाही, तो माणूस बहुधा बोरिवलीला उतरणारा असतो. आणि विरार लोकलमध्ये चढून बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याला कोणकोणते त्रास होतात, हे इथे नव्याने सांगायला नको. बाकी आमच्या पट्ट्यात नायगावपासून विरारपर्यंत कुणालाही विचारा. छातीत जळजळतं, पोट फुगतं, सकाळी नीट साफ होत नाही, करपट ढेकर येतात, मानेत चमक भरते, साहेबाचा राग येतो, ह्या सगळ्याचं निदान एकच: गॅस. (नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला गास नावाचं गाव आहे, पण त्याचा ह्या लेखाशी काही संबंध नाही. तिथल्या लोकांनी ह्या विषयावरचे विनोद आधीच पुरेसे सोसले असतील.)

हे निदान करायला डॉक्टर लागत नाही, गाडीतला ग्रुप पुरतो. चर्चगेट ते विरार हे अंतर साठ किलोमीटर. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवलेला एखादा छातीवर हात ठेवून जरा कळवळला, की अंधेरीपर्यंत त्याची हकीकत ऐकून होते, बोरिवलीपर्यंत निदान ठरतं आणि भाईंदरची खाडी यायच्या आत औषधं सुरू होतात. ओवा-सैंधव. जिऱ्याचं पाणी. ईनो. बेंबीत हिंग. "बेंबी सरकली असेल, आमच्या गावात एक म्हातारी आहे, अंगठ्याने बसवते." दारातला एक जण खाडीत निर्माल्याची पिशवी भिरकावता भिरकावता सांगतो, "उपाशी राहतोस ना, त्यानं होतं." खिडकीवाला सांगतो, "रात्री हाणून जेवतोस, त्यानं होतं."

दोघांचंही खरं असतं. पहाटे अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटांवर निघालेला माणूस रात्री दहाला घरी पोचतो, दिवसभराची थकबाकी एका ताटात वसूल करतो आणि साडेदहाला आडवा होतो, कारण पहाटे पुन्हा उठायचंय. जठरातलं आम्ल वर येऊ नये म्हणून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला निसर्गाने आवळून धरणारा एक स्नायू दिलेला आहे. पण वरून वरण-भात, भाजी, तळलेले बोंबील आणि "थोडं उरलंय, संपवून टाका" असं सगळं दाटीवाटीने आत शिरल्यावर आणि लगोलग बिऱ्हाड आडवं झाल्यावर त्या स्नायूने तरी दार किती वेळ लावून धरायचं?

सुट्टीच्या दिवशी पोटाला विश्रांती मिळेल म्हणाल, तर ते वसईत शक्य नाही. पाचूबंदरचा कोळी मित्र असतो, तो मासळी धाडतो. वाड्यांमधला ख्रिस्ती मित्र असतो, त्याच्या घरचं सोरपोतेल केल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चढतं, म्हणून तिसऱ्या दिवशीही बोलावणं येतं. अर्नाळ्याला पाहुणे आले की ताडी होते. वर राजेळी केळ्यांची सुकेळी "ही काय, औषधीच आहे" म्हणून जाते. आणि सोमवारी गाडीत पुन्हा तेच. गॅस.

आमच्या मजल्यावरचे काका ह्या शास्त्रातले जुने तज्ज्ञ. सगळी नोकरी मंत्रालयात, म्हणजे सगळी नोकरी विरार लोकलमध्ये. निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, पण पोटात ती चालूच राहिली. बेंबीच्या वर दुखायचं, खाल्लं की जरा थांबायचं, रात्री दोनला पुन्हा उठवायचं. काकांनी इमारतीतल्या प्रत्येकाच्या घरचा ओवा खाल्ला होता. त्याखेरीज सकाळी उपाशीपोटी घ्यायची आम्ल कमी करणारी गोळी होतीच. ती त्यांना कुणी लिहून दिली, हे आता त्यांनाही आठवत नाही. वाण्याकडच्या उधारीच्या वहीत होती, एवढं खरं.

शेवटी मुलीने त्यांना डॉक्टरांपुढे बसवलं. सोबत मी.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना गॅस ह्या विषयात गोडी दिसली नाही. त्यांनी भलतंच विचारायला सुरुवात केली. घास गिळताना अडकतो का? शौच डांबरासारखं काळं होतं का? रक्त कमी झालंय का? वजन उतरलंय का?

"उतरलंय की!" काका खुलले. "पाच किलो. शतपावली सुरू केली ना."

"जेवण?"

"तेही कमी झालंय. जातच नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, ह्या वयात न ठरवता वजन उतरलं, तर आम्ही शतपावलीला श्रेय देत नाही. दुर्बीण टाकून बघू या."

"बघायचंय काय त्यात? गॅसच असणार."

"बघितलं की कळेल."

हा मुद्दा काकांना आवडला नाही. आणि त्यांचं अगदीच चुकलं असं मला वाटत नाही. आपल्याकडे पोट हा चर्चेचा विषय आहे. त्यावर सगळ्यांना बोलता येतं, मतभेद ठेवता येतात, पिढ्यान्‌पिढ्या उपाय सुचवता येतात. आत जाऊन प्रत्यक्ष बघणं म्हणजे ह्या रंगलेल्या मैफलीत कुणीतरी दिवे लावण्यासारखं आहे.

घरी आल्यावर काकूंनी तयारीची चौकशी केली. रात्री दहानंतर काही खायचं नाही, सकाळी उपाशीपोटी यायचं, असं कागदावर होतं. काकूंनी तिथल्या मुलीला फोन लावला. "साबुदाण्याची खिचडी चालेल ना?" पलीकडून उत्तर आलं, "आजी, उपाशी म्हणजे उपास नव्हे." काकांनी मग पावणेदहाला पावभाजी खाऊन घेतली.

सकाळी बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या काकांचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून मी त्यांना ह्या यंत्राची गोष्ट सांगितली. माणसाच्या पोटात सरळ डोकावण्याची कल्पना जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाऊल ह्या डॉक्टरांनी १८६८मध्ये अमलात आणली. कुणावर? तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसावर. नळी होती ताठ, धातूची, न वाकणारी. साध्यासुध्या रोग्याला ती झेपणारी नव्हती, म्हणून ज्याच्या घशाला असल्या गोष्टींची सवय होती असा माणूस त्यांनी गाठला. नळी गेली, पण उजेड पुरेना. त्या काळच्या दिव्याने आतलं नीट दिसेचना.

"म्हणजे तलवारवाल्याला उगाच त्रास," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. गोष्ट चुकीच्या टोकाकडून सुरू झाली होती.

मग मी घाईघाईने पंजाबात आणलं. मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. शाळेत मास्तरांनी सांगितलं की उजेड फक्त सरळ रेषेत जातो, आणि हे त्यांना कधी पटलंच नाही, असं ते पुढे सांगत. लंडनला जाऊन हॅरॉल्ड हॉपकिन्स ह्यांच्याबरोबर त्यांनी काचेच्या केसासारख्या तंतूंची जुडी केली आणि तिच्यातून चित्र वाकवून दुसऱ्या टोकाला नेलं. ते १९५४ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. तिकडे अमेरिकेत बेसिल हर्शोविट्झ ह्या डॉक्टरांनी तोच धागा पकडून लवचिक दुर्बीण बनवली आणि १९५७मध्ये रोग्याच्या आधी स्वतःच्या घशातून उतरवली.

"स्वतःच्या?" काका सावरून बसले. "मग ठीक आहे."

डॉक्टरांनी मला आत दारापाशी उभं राहू दिलं. काका गुंगीचं इंजेक्शन नको म्हणाले होते, मंत्रालयात त्यांना जागं राहण्याबद्दल कुणी नावं ठेवली नव्हती. त्यामुळे नुसता घशात फवारा. कडू असतो. मिनिटभरात घसा बधिर होतो आणि आवंढा गिळला की नाही तेच कळत नाही. मग डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत प्लॅस्टिकचं कडं दिलं आणि त्याचा पट्टा डोक्यामागे अडकवला. काकांना बोलता येत नाही, हे दृश्य मी आजवर पाहिलेलं नव्हतं. दाराच्या फटीतून काकूही डोकावून गेल्या. त्या हे बघायला आल्या होत्या की दुर्बीण, हे मी विचारलं नाही.

नळी करंगळीएवढी जाड, काळी, तिच्यावर पांढऱ्या खुणा. काकांना दोनदा उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं, नर्सबाई पाठीवर हात ठेवून म्हणत राहिल्या, "नाकाने श्वास घ्या बाबा, लाळ बाहेर सोडा, गिळू नका." आणि पडद्यावर काका आतून दिसू लागले. गुलाबी, ओलसर, चकाकणारे. पोटात कावळे ओरडतात म्हणतात, तिथे एकही कावळा नव्हता. जठराच्या भिंती मिटलेल्या, घड्या पडलेल्या, तळाशी पिवळट रसाचं थारोळं. तेवढ्यात डॉक्टरांनी एक बटण दाबलं आणि घड्या हळूहळू उलगडल्या.

"हे काय केलंत?"

"हवा सोडली. पोट फुगल्याशिवाय नीट दिसत नाही."

म्हणजे ज्या माणसाने अर्धं आयुष्य गॅसशी झुंजण्यात घालवलं, त्याच्या पोटात डॉक्टरांनी स्वतः गॅस भरला. तो मात्र काकांचा नव्हता, बाहेरचा होता, आणि जाताना बराचसा त्यांनी ओढूनही घेतला. उरलेला काकांनी नंतर रिक्षात परत केला.

जठराच्या शेवटी एक गोल दार आहे. ते मिटत होतं, उघडत होतं. डॉक्टर त्याच्या उघडण्याची वाट पाहत थांबले आणि उघडताच नळी पलीकडे सरकवली. तिथे, लहान आतड्याच्या सुरुवातीलाच, गुलाबी भिंतीवर एक पांढुरका खड्डा होता, कडा लाल. डॉक्टर म्हणाले, "हा बघा तुमचा गॅस." मग नळीतूनच एक बारीक चिमटा उतरवून त्यांनी जठराच्या भिंतीचा कणभर तुकडा काढला आणि एका पिवळ्या पदार्थात टाकला. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. काका उठून बसेपर्यंत त्या पिवळ्याचं गुलाबी होऊ लागलं होतं.

गुलाबी झालं म्हणजे जठरात हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू आहे. ह्या जंतूची कथा मला फार प्रिय आहे. पूर्वी अल्सर झाला की काळजी आणि तिखट ह्या दोघांना पकडून आणायचे. एवढ्या आम्लात जंतू जगेलच कसा, असं सगळ्या शहाण्यांचं मत. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल ह्या दोघांना तो दिसत होता, पण कुणी मानेना. तेव्हा १९८४मध्ये मार्शल ह्यांनी त्या जंतूंचा रस्सा सरळ पिऊन टाकला. थोड्याच दिवसांत उलट्या सुरू झाल्या, तोंडाला घाण वास येऊ लागला आणि दुर्बिणीत सुजलेलं जठर दिसलं. २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे ह्या जंतूला तोटा नाही, निम्म्याहून जास्त लोक त्याला पोटात घेऊन हिंडतात, बहुतेकांना तो काही करत नाही. ज्यांना करतो, त्यांना चौदा दिवस प्रतिजैविकं आणि आम्लाची गोळी एकत्र घ्यावी लागते. आणि ती चौदाही दिवस घ्यावी लागते. सहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या मेव्हण्याला द्यायच्या नसतात.

थोडक्यात, अल्सरच्या खटल्यात वडापाव निर्दोष सुटला. जळजळीच्या खटल्यात तो अजून आरोपी आहे, ते वेगळं.

काकांच्या अहवालात अल्सरखेरीज 'लॅक्स एलईएस' असंही लिहिलं होतं. म्हणजे तोच मघाचा स्नायू, ढिला पडलेला. खाली सहा रंगीत फोटो. पुढचे काही दिवस ते फोटो इमारतीत लग्नाच्या अल्बमासारखे फिरले. "हे जठर, हा अल्सर, ह्या फोटोत जरा हललंय." तळमजल्यावरच्या आजींनी चष्मा लावून शेवटी एवढंच विचारलं, "ह्यात तुम्ही कुठे आहात?"

ह्या सगळ्या कौतुकात आमचे सोसायटीचे सेक्रेटरी गप्प होते, कारण त्यांची दुर्बीण दुसऱ्या बाजूने व्हायची होती. त्यांच्या मोठ्या भावाला आतड्याचा कर्करोग झालेला, म्हणून डॉक्टरांनी तक्रार नसतानाही मोठ्या आतड्याची तपासणी करून घ्या म्हणून बजावलं होतं. ही तपासणी करणं सोपं, तिची तयारी अवघड. आतडं रिकामं, धुऊन स्वच्छ लागतं. पावडर दोन लिटर पाण्यात कालवून ठरल्या वेळात प्यायची, लिंबाची चव आहे असं पाकिटावर लिहिलेलं असतं. त्यानंतर जे सुरू होतं, त्याला पाणी लागतं. प्यायला नव्हे.

आणि आमची इमारत विरार पूर्वेला. सूर्या, उसगाव आणि पेल्हार ही धरणांची नावं आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. आमच्या नळाला पाणी सकाळी यायचं आणि किती वेळ, हे सेक्रेटरी ठरवायचे. बादलीभर जास्त वापर दिसला तर सूचनाफलकावर फ्लॅट नंबर झळकायचा. टँकर मागवायचा तर सही त्यांची. अशा माणसाला संध्याकाळी पाच ते रात्री दहा अखंड पाणी हवं होतं, आणि कारण कुणाला सांगायचं नव्हतं.

फलकावर सूचना लागली: "टाकीच्या तपासणीनिमित्त आज सायंकाळी पाणीपुरवठा चालू राहील." इमारतीच्या इतिहासात पाणी चालू राहण्याची ही पहिली सूचना. बायकांनी पिंप भरली, गाद्यांच्या खोळी धुवायला काढल्या, एकाने स्कूटर धुतली. साडेसातला टाकी खाली. आठला सेक्रेटरीबाई हातात बादली घेऊन आमच्या दारात. "यांना जरा..." एवढंच त्या म्हणाल्या. पुढच्या दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यापर्यंत बादल्यांची साखळी लागली. ज्यांना त्यांनी दंड केला होता, ते सगळ्यात पुढे होते, आणि एकाने तर दारात बादली ठेवताना हळूच विचारलं, "पावती मिळेल का?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आतड्यात दोन मोड सापडले. पॉलिप म्हणतात ते. नळीतूनच तारेचा फास टाकून काढले, त्यांना कळलंही नाही. असे मोड बरीच वर्षं मुकाट बसतात आणि त्यातले काही पुढे कर्करोगाचं रूप घेतात. काढून टाकले की तो रस्ताच बंद. दोन्ही साधे निघाले. त्यानंतर त्यांनी बादलीचा नियम सैल केला नाही, पण फ्लॅट नंबर लिहिणं बंद केलं.

ह्या निमित्ताने एक गोष्ट लक्षात आली. वसईकरांना बंगलीचं कार्डिनल ग्रेशस हॉस्पिटल आणि वसईगावातलं पेटिट ही नावं जुनी, पण असल्या खास तपासण्यांना एके काळी मुंबईच गाठावी लागायची. दोन लिटर पावडरीचं पाणी प्यालेल्या माणसाने विरारहून लोकलने परळला जायचं, ही कल्पना करून बघा. लोकलला संडास नसतो. दादरपर्यंत उतरायला वाटही नसते. त्या काळी ज्यांनी हे केलं, त्यांच्यापुढे फ्रायबुर्गचा तलवारवाला काहीच नाही. आता स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर दुर्बीण आली आहे, त्याला मी विकास म्हणतो. मधल्या लहान आतड्यापर्यंत ह्या दोन्ही नळ्या फारशा पोचत नाहीत, त्यासाठी गिळायचा कॅमेराही निघाला आहे. इस्रायलमधल्या क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या एका अभियंत्याची ती कल्पना, २००१पासून अमेरिकेत वापरात. गोळीएवढी कॅप्सूल आठ तास हजारो फोटो काढत जाते आणि आपल्या वाटेने बाहेर पडते. परत मागत नाहीत.

गाडीतल्या ग्रुपमध्ये ह्या सगळ्याचा परिणाम झाला, नाही असं नाही. आता छातीवर हात ठेवला की "लॅक्स एलईएस असणार" म्हणतात. फक्त एक नियम मात्र खरोखर पाळला जातो, आणि तो एका सहप्रवाशाला भाईंदरला उतरवून दवाखान्यात न्यावं लागल्यापासूनचा: छातीत दाबल्यासारखं होऊन दरदरून घाम फुटला, तर ईनो नाही. आधी ईसीजी. तो गडी पुन्हा गाडीत आहे, खिडकी त्याची.

राहता राहिल्या काकू. काकांची चौदा दिवसांची औषधं घड्याळ लावून त्यांनीच दिली. ती देताना स्वतःची गुडघ्याची गोळी त्या त्याच पाण्याबरोबर घेत होत्या, सकाळी, चहाच्याही आधी. कित्येक वर्षं. सगळ्यांची ताटं झाल्यावर ओट्यापाशी उभ्याने जेवणाऱ्या बाईच्या पोटात काय चाललंय, हे ग्रुपमध्ये कधी चर्चेला येत नाही, कारण तिला लोकलच नसते. काकांच्या फेरतपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी सहज काकूंच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या.

"फार पांढऱ्या दिसताहेत. काकू, दुखण्याच्या गोळ्या घेता?"

"एकच. गुडघ्याची."

"रोज? उपाशीपोटी?" अल्सरचं दुसरं मोठं कारण ह्याच गोळ्या आहेत, हे डॉक्टरांनी समजावलं. "शौचाचा रंग?"

काकूंनी काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो. परत बोलावलं तेव्हा रक्ताची तपासणी लिहून झाली होती, गुडघ्याची गोळी बंद झाली होती आणि डॉक्टर उद्याचीच तारीख देत होते.

"उद्या नको," काकू म्हणाल्या. "मला काय धाड भरलीय? परवा घ्या. परवा गुरुवार, मार्गशीर्षातला. नाहीतरी उपास असतोच, वाया कशाला घालवायचा?"

"खिचडीसुद्धा नाही हं काकू."

"पाणीसुद्धा नाही, माहितेय मला. मी विचारलं होतं त्या मुलीला." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही दारात उभं राहून बघायचं नाही."